तेरावं केळं

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. सावद्याच्या स्टेशनावर एक म्हातारी केळी विकायची. डझन मागितलं की तेरा द्यायची. तेरावं पदरानं पुसून हातावर ठेवायची. मी एकदा कारण विचारलं.

"घरात कितीक जन, भाऊ?"

"सहा."

"मंग एक उरीन. ते दारावर येनाऱ्याचं."

पुढे घरात आम्ही चौघं राहिलो, मग तिघं, मग दोघं. कितीही नीट वाटा, एक उरायचंच आणि ते न्यायला कुणीतरी यायचंच.

आता मी एकटा. तेराची तेरा माझ्याच वाट्याला. उरत काहीच नाही. परवा दारात कुणी उभं राहिलं आणि मी केळ्यांकडे बघतच बसलो. यातलं त्याचं कुठलं?