बसायची ड्युटी

आमची कंपनी यवतमाळला उतरली ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सहा वाजता. निवडणुकीचा बंदोबस्त होता. माझ्या नोकरीचं ते शेवटून दुसरं वर्ष. निमलष्करी फोर्समध्ये मी हवालदार राठोड, आणि बाभुळगावजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात मिलिटरीवाली याडी, म्हणजे आई. पंचवीस वर्षं देशभर फिरले, पण स्वतःच्या जिल्ह्यात वर्दी घालून पहिल्यांदाच आले. तांडा तासाभराच्या वाटेवर आणि मला जायची परवानगी नाही. असो. मी बोलायला लागले की असं भरकटते.

सांगायचं आहे ते रेणुकाबद्दल.

शिपाई रेणुका टेकाम. मुकुटबनच्या पलीकडच्या एका छोट्या गावची, वय चोवीस. आमच्या कंपनीच्या कबड्डी टीमची रेडर. मी त्या टीमची कोच. माझे स्वतःचे गुडघे गेले होते, पण नजर शाबूत होती. रेणुकासारखी चढाई करणारी पोरगी मी फोर्समध्ये दुसरी पाहिली नाही. तिच्या पायांत ताकद होतीच, पण खरी कमाल डोक्याची. समोरच्या सात जणींत कोण पुढे सरकली, कोणाचा हात कोणाच्या हातातून सुटला, हे तिला त्यांच्या आधी कळायचं. ड्युटीबाहेर ती आणि टीमच्या पोरी मला मावशी म्हणायच्या.

मतदान आटोपलं. मशिनी शहरातल्या एका सरकारी गोदामात, म्हणजे स्ट्राँग रूममध्ये, सील झाल्या आणि पहारा आमच्याकडे आला. त्याच आठवड्यात हुकूम आला. जिल्ह्यात फोर्सच्या दोन महिला कंपन्या होत्या, त्यांची मॅच होणार. शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता. फोर्सच्या मुख्य टीममध्ये रेडरची एक जागा रिकामी होती आणि निवड करायला डेप्युटी कमांडंट साहेब स्वतः येणार होते.

त्या एका जागेची किंमत तुम्हाला सांगते. निवड झाली की रेणुका दिल्लीच्या कॅम्पला जाणार. नाही झाली तर कंपनीबरोबर पुढच्या पोस्टिंगला. आमची पुढची पोस्टिंग जंगलातली होती, सुरुंगांच्या पट्ट्यातली. ती ऑर्डर आधीच आली होती.

म्हणून मी ड्युटी चार्ट हातात घेतला. पारा चव्वेचाळीसवर होता. बाहेर पहाऱ्याच्या मोर्चावर उभं राहायचं म्हणजे बूट भाजायचे. आत कंट्रोल रूममध्ये एक खुर्ची होती, समोर सहा स्क्रीन आणि बाजूला कूलर. काम एवढंच, की दारं आणि सील बघत बसायचं, दर पंधरा मिनिटांनी रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि वायरलेसवर रिपोर्ट द्यायचा. सगळ्या पोरींचा डोळा त्या खुर्चीवर. मी रेणुकाला सलग तीन दिवस तिथे लावलं, सकाळी सहा ते दुपारी एक. तिचे पाय ताजे राहावेत हा हिशोब.

पोरी तिला "कूलरवाली बाई" म्हणून चिडवायला लागल्या. फक्त दीक्षा वाघमारे माझ्याकडे आली. ती टीमची कॅप्टन, उजवा कोपरा सांभाळायची.

"मावशी, रेणुकाले बाहेर लावा. तिची जागा मी घेतो."

"काहून वं? तुलेही कूलर पाह्यजे का?"

"नाही. मी बसलो होतो तिथं परवा. काहीच होत नाही त्या स्क्रीनवर. पण नजर हटवता येत नाही. उठलो तं डोकं उकडल्यासारखं झालं होतं."

"बसून कोणी थकते का बापा?"

दीक्षा आपल्या पहाऱ्यावर निघून गेली. हवालदारापुढे शिपाई किती बोलणार?

शुक्रवारी मी रजिस्टर तपासलं. रेणुकाने सव्वाबाराची नोंद दोनदा केली होती आणि साडेबाराची केलीच नव्हती. मी तिला अक्षर नीट काढ म्हणून रागावले. ती नोंद मला काय सांगत होती, ते मी वाचलंच नाही.

शनिवारी शेवटचा तास मी तिच्या मागे उभी होते. वायरलेस वाजला.

"स्ट्राँग रूम, रिपोर्ट. ओव्हर."

रेणुका स्क्रीनकडे बघत राहिली.

"स्ट्राँग रूम, स्ट्राँग रूम. रिपोर्ट."

"सील ओके, दार ओके. ओव्हर," ती म्हणाली. आवाज ठणठणीत होता. मी मनात म्हटलं, पोरगी तयार आहे.

पाच वाजता मैदानावर ऊन अजून उभंच होतं. रेणुकाची आई, पार्वताबाई, मुकुटबनहून सकाळच्या एसटीने आली होती. लेकीचा खेळ पहिल्यांदाच बघत होती. मी तिला बेंचवर माझ्या शेजारी बसवलं. समोर साहेब खुर्चीवर, मांडीवर वही.

पहिल्या दहा मिनिटांतच काहीतरी चुकतंय हे मला दिसलं. रेणुका धावत होती, दम पुरेपूर होता, पण चारही चढाया तिने डावीकडेच केल्या. समोरच्यांनी डावी बाजू बांधून टाकली तरी पुन्हा डावीकडेच. एकदा बोनस रेषेवर पाय टाकायची जागा मोकळी होती, तिने टाकलाच नाही. हात पुढे जायचा, पण क्षणभर उशिरा. हाफ टाइमला पाणी देताना मी विचारलं, "दमली का?"

"नाही मावशी. पाय तं बसूनच होते."

"मग?"

"माहीत नाही. सगळं दिसते. पण दूर दिसते."

तिला थोडा वेळ बाहेर बसवायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा मला साहेबांची वही दिसत होती.

दुसऱ्या हाफमध्ये दीक्षाने टीम ओढून आणली. तिने तीन पकडी केल्या. शेवटच्या मिनिटाला गुण सत्तावीस-सत्तावीस. आमच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. नियम असा की लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या, तर तिसरीला गुण आणावाच लागतो. रिकाम्या हाताने परतली की रेडर बाद, गुण समोरच्यांना. पंचाने रेणुकाला तीन बोटं दाखवली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मध्यरेषा ओलांडली.

मी ओरडू शकले असते. पण मी म्हटलं, पोरीला नियम माहीत आहे, मध्येच बोलून तिचा दम कशाला तोडायचा?

कबड्डी, कबड्डी. ती डावीकडे गेली. मग उजवीकडे. डाव्या कोपऱ्यातली पोरगी घसरली, एका हाताच्या अंतरावर होती. रेणुकाने तिच्याकडे पाहिलं. शिवलं नाही. दोन पावलं मागे घेतली, वळली आणि आरामात चालत मध्यरेषेवर परत आली, वेळ काढून आल्यासारखी. वर आमच्याकडे बघून हसलीसुद्धा.

पंचाची शिट्टी वाजली. रेणुका बाद. अठ्ठावीस-सत्तावीस. समोरच्या पोरी उड्या मारायला लागल्या आणि आमची रेणुका मध्यरेषेवर उभी, काय झालं ते शोधत.

पार्वताबाईने माझा हात हलवला. "बाई, त्या मानसानं तीन बोटं काहून दाखवली होती?"

तिला नियम ठाऊक नव्हता. पण बोटं तीन होती, हे तिला दिसलं होतं.

रेणुका माझ्यापुढे येऊन उभी राहिली. रडली नाही. "बोटं दिसली मावशी. तीन आहेत हे नाही समजलं. स्क्रीनसारखं झालं."

साहेबांनी वही मिटली. जागा दुसऱ्या कंपनीच्या रेडरला गेली.

दीक्षा माझ्याकडे न बघता रेणुकाला पाण्याकडे घेऊन गेली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी, माझ्या रिटायरमेंटला दोन महिने असताना, मी जंगलातल्या कॅम्पच्या वायरलेस सेटवर बसले होते. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. रोड ओपनिंगला, म्हणजे रस्त्यात सुरुंग आहेत का ते तपासायला, गेलेल्या पार्टीचा कॉल आला.

"कंट्रोल, पुलाच्या अलीकडे ब्लास्ट. एक जवान."

"नाव सांगा. ओव्हर."

खरखरीतून दीक्षाचा आवाज आला. "टेकाम. मावशी, आपली रेणुका."

मी वेळ लिहिली, नाव लिहिलं, पुढे कळवलं. सेटवर बसलेल्या माणसाला तेवढंच करता येतं.

मॅच जिंकलो असतो तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. तसं कोणालाच म्हणता येत नाही. पण ते तीन दिवस तिला मी दिले होते, आराम समजून.

आता मी तांड्यावरच्या पोरींना कबड्डी शिकवते. काही पोलीस भरतीचा अभ्यास करतात. मॅचच्या दिवशी सकाळी पुस्तक बंद, मोबाइल माझ्या पिशवीत. पोरी कुरकुरतात, "याडी, बसून तं अभ्यास करतो आम्ही." मी म्हणते, म्हणूनच. झाडाखाली गप्पा मारा, पाणी भरा, झोपा.

दुसरा नियम असा की, चढाईचा आकडा बेंचने मोठ्याने बोलायचा. दर वेळी. रेडरला माहीत असला तरी.

रेणुकाच्या गावी शाळेच्या भिंतीवर तिचं नाव कोरलेलं आहे. वर्षातून एकदा, ती गेली त्या दिवशी, सकाळी मी पोरींना घेऊन तिथे जाते. फूल वाहतो आणि मग त्याच भिंतीसमोर मॅच खेळतो. पार्वताबाई खुर्ची आणून रेषेजवळ बसते. खेळ तिला अजूनही फारसा कळत नाही. गेल्या खेपेला आमच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि पुढची पोरगी रेषेवर गेली. बेंचवरच्या पोरी आकडा ओरडायला श्वास घेत होत्या, तेवढ्यात त्यांच्या आधी पार्वताबाईचा आवाज आला.

"तिसरी आहे वं माय. तिसरी."