सदाफुलीची शेवटची ओळ

मैत्रिणींनो, एक सल्ला हवाय, आणि तोही संध्याकाळच्या आत.

आज आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत बायकांचं कवितावाचन आहे. मी पहिल्यांदाच वाचणार आहे. कवितेत मी स्वतःला सदाफुली म्हटलंय. आमच्या गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात एक आपोआप उगवलीय. मी कधी तिला पाणी घातलं नाही, तरी बाई बारा महिने फुललेली. म्हणून शेवटची ओळ लिहिली, 'कुणी पाणी घालो न घालो, मी फुलतेच.'

ती ओळ कुणाला टोचावी म्हणून लिहिली, ते तुम्हाला कळलंच असेल. नवऱ्याला.

सकाळी तो चाकणहून थर्ड शिफ्ट करून आला. चहा देता देता मी कविता वाचून दाखवली. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, झोपला.

मग म्हणाला, "छान झालीय गं. पण सदाफुलीला मी घालतो की पाणी."

"तू? कधी?"

"कंपनीतून आलो की. गॅलरीत बूट काढताना. आधी बाटलीत उरलेलं ओतायचो. आता तिच्यासाठी घोटभर ठेवूनच आणतो."

एवढं बोलून तो खरंच झोपला. मी गॅलरीत जाऊन डब्यात बोट खुपसून पाहिलं. माती ओली होती.

सहा वाजता कार्यक्रम आहे. साडीला इस्त्री करून ठेवलीय, कविताही पाठ झालीय. फक्त त्या शेवटच्या ओळीचं काय करू, तेवढं सांगा.