भिशी समजून भरलेला फंड

माझी बायको पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. तिथल्या बायकांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि जिचा नंबर लागेल तिने सगळी रक्कम उचलायची. नंबराआधी कुणी मागितले की बाकीच्या तिला टोमण्यांनी सोलून काढत. पुढे गल्लीतल्या फंडवाल्याने तिला म्युच्युअल फंड समजावला. खूप माणसं दर महिन्याला थोडं थोडं टाकतात, त्यातून कंपन्यांचे शेअर घेतात. तीही टाकू लागली. ही मोठी भिशी हाय, असं तिच्या डोक्यात बसलं. माझ्याही.

करोनात बाजार आपटला. तिचा कारखाना बंद, माझं धरमतर बंदरात बार्जमधला माल उतरवायचं काम बंद. मी म्हटलं, "काढ गो ते पैसे, बुडतील."

"आपला नंबर कुठे लागलाय? आपल्याआधी किती माणसं हायत," ती म्हणाली.

मलाही ते पटलं. तांदूळ घरचा होता, निभावलं.

गेल्या माघात ती गेली. नंबर यायच्या आधीच गेली, हे काही केल्या मनातून जाईना.

त्यात माझा मोतीबिंदू पिकला. रोह्याला दिलेली लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुत्रा आणि जावई सारखेच दिसायला लागलेत. आईच्या फंडातून ऑपरेशन करून टाका." मी नाय म्हटलं. बायकोच्या मागे तिचं एवढं एकच वाढत होतं. भिशी एकदा उचलली की आपलं संपलं.

लेकीने मला ओढतच फंडवाल्याकडे नेलं. मी सरळ विचारलं, "हिचा नंबर कधी लागणार होता?"

तो म्हणाला, "काका, नंबरबिंबर काय नसतो. काकू कधीही काढू शकत होत्या. आता तुम्ही काढा. हवं तेवढं काढा, बाकीचं राहू द्या."

"कधीही निघतं, मग सगळे का काढून नेत नायत?"

"एक विकतो तेव्हा दुसरा घेतो, काका. म्हणून तर लोक पैसे घालतात. अडकूनच पडणार असतील तर नव्या कारखान्याला कोण देईल?"

हे मला भारी वाटलं, अजून वाटतं. धरमतरला आम्ही डोक्यावरून पाट्या वाहिल्या. मग क्रेन आल्या, जेटी लांबली. मला वाटायचं, याला पैसा पुरवायला कुणी शेठ बसलाय पैशाच्या ढिगावर. एवढा मोठा शेठ असतोच कुठे? भिशीचा पैसा त्याच बायकांत फिरतो, कुणाची शिलाई मशीन होते, कुणाचं लग्न निघतं. फंडाचा पैसा ओळखदेख नसलेल्या माणसाचा कारखाना उभा करतो, आणि आखणी करणारी बाई त्याची चिमूटभर मालकीण होते. तोटा झाला तर तोही तिचा, त्याला इलाज नाय. पण गरीब देशाने नायतर कशावर उभं राहायचं?

मी डोळ्यापुरते काढले. बाकीचे तसेच ठेवले, ते अजून वाढतायत.

रोह्यात पट्टी सोडली तेव्हा समोर लेक होती. थेट आईच्या वळणावर गेलेली. एवढे दिवस मला ते दिसलंच नव्हतं.

"केस पिकलेत गो तुझे," मी म्हटलं.

"तुमचे तर गेलेच," ती म्हणाली, आणि माझा डोळा पुसायला पुढे झाली.