हनुवटीवरचा हात

आबा, म्हणजे माझे आजोबा, इंग्रजांच्या फौजेत होते आणि महायुद्ध संपल्यावर त्यांना जावा बेटावर पाठवलं होतं, एवढंच घरात ठाऊक होतं. तिथलं काही सांगा म्हटलं की ते केळ्यांचे प्रकार सांगत बसायचे. त्यांचा तरुणपणीचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. बाबा इकडे परदेशात, बुकित बातोकला आमच्या फ्लॅटवर राहायला आले तेव्हा म्हणाले, "तुझं ऑफिस फोटोंचंच काम करतं ना? मग आबांचा एक शोध. मला दिसतंय तोवर."

बाबांना काचबिंदू आहे. मी हट्टाला पेटलो. जुन्या फोटोंचे संग्रह चाळता चाळता एका दुपारी, वन-नॉर्थच्या ऑफिसात डबा खाताना, आबा सापडले. उजवी भुवई मधेच तुटलेली. बैलाचं शिंग लागल्याची ती खूण म्हातारपणीही तशीच होती. शेजारी जावातलाच एक कैदी. इंग्रजांना ओळखीसाठी त्याचा फोटो हवा होता आणि तो मान वर करत नसावा. आबांनी हनुवटी धरून त्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे केला होता. त्याचे हात पोटापाशी दोरीने बांधलेले होते.

मला लाज वाटली. रागही आला, आबांचा आणि नको ते उकरून काढणाऱ्या माझ्या शहाणपणाचाही. मग रोज पोटासाठी करतो तेच केलं. फोटो छातीपाशी कापला. दोरी गेली. फ्रेम करून बाबांना दिला.

बाबांनी तो अगदी नाकाशी धरला. "आबाच," म्हणाले, आणि रडले. "शाळेत जाताना माझा भांग पाडायचे ना, तेव्हा अशीच हनुवटी धरायचे. बोटं रुतायची." मी सुटलो असंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

दोन दिवस फ्रेम त्यांच्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होतो, तर ते ती घेऊन स्वयंपाकघरात आले.

"खालचा भाग कुठाय?"

"कसला?"

"अरे, अशी हनुवटी धरली की आपण तो हात झटकतो. मी झटकायचो. हा का झटकत नाही?"

मी गॅस बंद केला आणि लॅपटॉपवर पुरा फोटो दाखवला. बोट फिरवत ते दोरीपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"माझे हात मोकळे असायचे रे," म्हणाले. मग फ्रेम माझ्या हातात दिली. "हा काढ. पुरा छापून आण. लवकर आण, मला दिसतंय तोवर."