खालचं कापड

१२ मार्च २०१४ रोजी थोरल्याने धाकट्या भावाच्या राहत्या घरावर चार लाख सदतीस हजार रुपयांचे कर्ज उचलले आणि फोमच्या फळ्यांचा कारखाना काढला. धाकट्याने मुकाट सही केली आणि कारखान्याचे हिशेब लिहायला बसला. थोरल्याला नाही म्हणण्याची त्याची लहानपणापासून टाप नव्हती.

थोरला तोवर गाद्या विकत असे. वर झकपक अभ्रा, आत मिळेल ते कोंबलेले. गिऱ्हाईक गादी उसवून बघत नाही, एवढ्या एका शोधावर तो स्वतःला उद्योगपती समजू लागला होता. आता फोमला दोन्ही अंगांनी काचेच्या धाग्यांचे मजबूत कापड चिकटवून तो बसच्या तळाच्या फळ्या करू लागला. महिनाभरात त्याच्या ध्यानात आले की खालचे कापड कोणाला दिसत नाही. त्याने ते गाळले आणि रंगाचा एक हात मारला.

फळी टिकेल ना, असे धाकट्याने चाचरत विचारले. थोरल्याने फळी फरशीवर ठेवली आणि छातीच्या उंचीवरून लोखंडी गोळा सोडला. फळीला काहीही झाले नाही. मग हा खेळच होऊन बसला. व्याही आले, गोळा. पोस्टमन आला, गोळा. थोरल्याची सासू गुडघे धरत आली, तिलाही गोळा. धाकट्याला इतका धीर आला की तोही शेजारी उभा राहून मान डोलवू लागला.

पुढे बस बांधणाऱ्या कंपनीची तपासनीस बाई आली. ऑर्डर मिळाली असती तर धाकट्याचे घर सुटले असते. थोरल्याने बाह्या सरसावून गोळा टाकला.

"बसमध्ये हिच्याखाली फरशी असते का?" बाईने विचारले.

"बाई, लोखंड आपटून दाखवलं. आता काय तोफ आणू?"

"दोन वासे आणा. कडा त्यांवर टेकवा, मध्ये पोकळी राहू द्या."

शेजारच्या सुताराकडून उधारीवर वासे आले.

"दादा, खालचं कापड..." धाकटा कुजबुजला.

"तू बेरजा कर."

गोळा पडला. फळी वाकली, खालून तडकली आणि गोळा आरपार जाऊन थोरल्याच्या बुटाशी थांबला. बाईने फळी उलटून नखाने रंग खरवडला.

"मार वरून बसला तरी ताण खालच्या अंगाला येतो," ती म्हणाली. "तो धरायला तिथं काहीच नाही."

थोरल्याने आधी वाशांना दोष दिला, मग हवेतल्या ओलीला, आणि बाईची गाडी वळल्यावर धाकट्याला. ऐन वेळी अपशकुनी बोलला म्हणे.

ऑर्डर गेली. घर विकून बँकेचे पैसे भागवले. धाकटा आता बायकोच्या माहेरी एका खोलीत राहतो. बायकांना यंत्रातले कळत नाही, असे थोरला अजून भेटेल त्याला सांगत असतो. सुताराचे वाशांचे एकशे ऐंशी रुपये द्यायचे आहेत.