वजनकाट्यामागची खोली

वैशाली गेल्याचं मला खोपोलीत, शिळफाट्याच्या बाजारात कळलं. मी वालाच्या शेंगा निवडत होते. शेंगा विकणारी मावशी पिशवी पुढे करता करता थांबली आणि म्हणाली, "बाई, आपली सिस्टर गेली ना गं... तुमाला नाय समजलं?" मला वाटलं, ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. पर्समधून फोन काढला, तर वैशालीच्या नवऱ्याचे, प्रकाशभाऊजींचे, कितीतरी फोन येऊन गेले होते. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही म्हणे. हृदय थांबलं. मी तिथेच, टोपलीशेजारच्या पालथ्या क्रेटवर बसले. आजूबाजूच्या दोघीतिघी जमल्या, कुणी पाणी दिलं, कुणी पदराने डोळे टिपले. आणि मग त्यांच्यातली एक रडता रडताच म्हणाली, "माझ्या सुनंला काय हसवलं हुतं तिनं! मूल इतक्यात नको म्हणून तांबी बसवायला नेली, तर पोर घाबरून थरथर कापतेय. तर सिस्टर म्हणते कशी, 'अगं, ही तांबी हाय, तांब्या नाय!'" आणि मग त्या भर बाजारात, डोळ्यांत पाणी असताना आम्ही सगळ्याजणी अशा हसलो की पलीकडचा कांदेवाला वळून बघायला लागला. वैशालीच्या जाण्याची बातमी माझ्यापर्यंत आली ती अशी, हसू सोबत घेऊनच. दुसरी कशी आली असती?

आम्ही दोघी कडाव गावच्या. घरं वेगळ्या आळ्यांत, पण शाळा एक, बाक एक. तिचे वडील रेल्वेत होते, घरात पुस्तकं होती आणि मुलीने प्रश्न विचारला तर गप्प बस म्हणायची पद्धत नव्हती. आमच्या घरी ती पद्धत होती. त्यामुळे शाळेत माझे प्रश्नही तीच विचारायची. विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आला, तेव्हा सरांनी खिडकीबाहेर बघत "हा तुम्ही घरी वाचा" असं सांगितलं आणि पुढच्या धड्याचं पान उघडायला लावलं. दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला आणि वैशाली उभी राहिली. "सर, घरी वाचला. कळला नाही." वर्गात एवढा हशा पिकला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. सर कानापर्यंत लाल झाले होते, पण मानायला हवं, त्यांनी धडा शिकवला. फळ्याकडे तोंड करून, पाठमोरे, पण पूर्ण शिकवला. मधल्या सुट्टीत मी तिला म्हटलं, "तुला लाज कशी नाही वाटत गं?" तर डब्यातली भाकरी मोडत म्हणाली, "वाटली ना. पण न कळलेलं राहिलं असतं, त्याचं काय?"

पुढे ती नर्सिंगला गेली, मी डी.एड.ला. लग्नं होऊन दोघीही खोपोलीत आलो, हा निव्वळ योगायोग. प्रकाशभाऊजी इथल्या कारखान्यात होते. ती गावातल्या सरकारी दवाखान्यात लागली आणि मी शाळेत. रविवारी सकाळी तिच्या घरी चहा प्यायचा, हे न ठरवताच ठरून गेलं. माझी मृणाल तिच्या अंगाखांद्यावर वाढली. 'वैशूमावशी' हा तिचा पहिला जोडशब्द असावा.

एका रविवारी मात्र चहा झालाच नाही. वैशाली ओट्याला टेकून उभी होती आणि दूध उतू जात होतं. झालं होतं ते असं. कंपनीत पॅकिंगला जाणारी, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी एक मुलगी दवाखान्यात आली होती. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने सवयीने मोठ्याने विचारलं, "काय होतंय?" मुलीने मागे बघितलं. रांगेत तिच्या घरमालकीणबाई उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, "सर्दी झालीय." तिला सर्दीच्या गोळ्या मिळाल्या आणि ती निघून गेली. काही दिवसांनी मैत्रिणींनी तिला उचलून आणलं तेव्हा तिच्या ओटीपोटात जंतुसंसर्ग पसरला होता आणि ती तापाने फणफणत होती. वाचली, बरी झाली. पण वैशालीला ते सोसवेना. "सुमे, आपण तिला सर्दीच्या गोळ्या दिल्या," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "सर्दीच्या! औषध होतं आपल्याकडे. डॉक्टर होत्या. सगळं होतं... फक्त तिला तोंड उघडायला जागा नव्हती."

ती जागा तिने शोधून काढली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला मोडक्या खाटा ठेवायची एक खोली होती, तिला रस्त्याकडून वेगळा दरवाजा होता. मोठ्या डॉक्टर मॅडम तिच्यासारख्याच खमक्या, त्यांनी परवानगी काढून दिली. आता कुणीही असतं तर खोलीला रंग दिला असता, भिंतींवर तक्ते लावले असते आणि उद्घाटनाला पाहुणे बोलावले असते. वैशालीने आधी पोरांना विचारलं. कॉलेजातल्या मुली, कारखान्यांत शिकाऊ म्हणून लागलेले मुलगे, ब्युटी पार्लरमधल्या मुली, अशी वीसेक तरुण मंडळी तिने माझ्या घरी भजी खायला बोलावली. भजी मी तळली आणि बोलली ती पोरं. सुरुवातीला सगळ्यांनी भज्यांवरच ताव मारला. मग एक मुलगी म्हणाली, "ताई, आल्या आल्या 'लग्न झालंय का' असं विचारू नका." एक मुलगा म्हणाला, "शिफ्ट सुटल्यावर उघडं पायजे. सकाळी कोण येनार?" आणि सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, की बाहेर तसला बोर्ड नको. 'युवा लैंगिक आरोग्य' असलं काही लिहिलं तर त्या दारातून कुत्रंदेखील आत जाणार नाही.

मग बोर्ड लागला, 'येथे वजन व उंची पाहून मिळेल'. दाराशी एक वजनकाटा ठेवला आणि आत पडद्यामागे वैशाली. कुणी विचारलंच, तर वजन बघायला गेलो होतो. युक्ती इतकी चालली, की पहिल्या महिन्यात तिची पंचाईत झाली. निम्मं खोपोली वजन करायला लोटलं. पेन्शनर मंडळी संध्याकाळच्या फेरीत काट्यावर चढून जायची. एक आजोबा उंची मोजून घ्यायला वरचेवर यायचे आणि ती वाढली नाही म्हणून हिरमुसायचे. वैशालीने एकालाही परत पाठवलं नाही. "असू देत गं," म्हणायची, "जेवढी गर्दी, तेवढा माझ्या पोरांना आडोसा."

आणि पोरं आली. मुलगे यायचे ते कधीच एकटे नाहीत, तिघे-चौघे मिळून. "ताई, ह्याला विचारायचंय." वैशाली म्हणायची, "बरं. मग हा आत, बाकीचे काट्यावर." तेवढ्यात दुसरा चुळबुळायचा. "ताई... मला पण थोडंसं विचारायचंय. म्हंजे मित्रासाठी." तिच्या टेबलाजवळच्या पेटीत निरोध असत, न विचारता उचलता यावेत असे. मुली पाळीच्या दुखण्यापासून ते चुकलेल्या पाळीपर्यंत सगळं तिच्याशी बोलत. कुणाला गोळ्यांची माहिती हवी असे, कुणाला तपासणी, कुणाला फक्त 'हे असं होणं बरोबर आहे का' एवढंच विचारायचं असे. पुढचं काही लागलं तर ती स्वतः डॉक्टर मॅडमकडे घेऊन जाई, खिडकीवरच्या रांगेत न थांबवता. हे सगळं ती मला हसत हसत सांगे, पण नाव, गाव, वय सगळं पिसून. तिच्या गोष्टीतली मुलगी मला कधी म्हणजे कधी ओळखता आली नाही. एकदा माझ्याच एका माजी विद्यार्थिनीला मी त्या दारातून बाहेर पडताना पाहिलं आणि रविवारी हळूच खडा टाकला. वैशालीने माझ्या कपात चहा ओतला आणि म्हणाली, "चौपन्न किलो."

हे असं सुरळीत चालू देईल तर ते गाव कसलं? कुणीतरी बोलायला लागलं, की सिस्टर लग्नाआधीच पोरींना नको ते शिकवते. बघता बघता खोली बंद करा अशी मागणी झाली. पुढारपण करत होते एक नाना, टेंपोंचे मालक, गावात वजन असलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच भीती वाटत होती. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. मी मागे उभी होते. नाना बोलले, आणखी दोघे बोलले. डॉक्टर मॅडमच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की वरून दाबही आलाय आणि आज इथे बिनसलं तर उद्या खोलीला कुलूप लागणार.

वैशाली उठली. भाषण तिने केलंच नाही. म्हणाली, "नाना, तुमचं म्हणणं, की हे सगळं वेळ आली की आपोआप कळतं. मी मानते. मला फक्त एवढंच सांगा, इथे बसलेल्यांपैकी कुणाकुणाला वेळेवर कळलं होतं?" आणि ती खाली बसली.

पुढच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली. नानांची आई. नाना गडबडीने म्हणाले, "आये, तू बस."

"का बसू? सिस्टरनं विचारलं नाय का? मी सांगते," म्हातारी म्हणाली. "मला कोनी सांगितलं नव्हतं. पयल्यांदा रगत बघितलं आनि मला वाटलं, मी आता मरते. आईला सांगायची भ्या वाटली. गोठ्यात जाऊन बसले, मरायची वाट बघत. म्हैस माझ्याकडं बघतेय, मी म्हशीकडं. मी काय मरत नाय आनि ती काय बोलत नाय!"

हॉलमध्ये आधी बायका हसल्या, मग पुरुष. म्हातारीने काठी आपटली. "हसू नका रं. लगीन झाल्यावरबी तेच. सात बाळंतपणं झाली, एकाबी वक्ती कोनी विचारलं नाय, बाई तुला हवं का नको. आनि तुमी हिची खोली बंद करा म्हनता? मग पोरींनी जायाचं कुठं? आता गोठंबी ऱ्हायलं नाय!"

त्यानंतर सभा अशी उरलीच नाही. बायका एकमेकींत बोलायला लागल्या, कुणी उठून वैशालीपाशी गेली, आपल्याच पाळी जायच्या त्रासाबद्दल विचारायला. नाना बराच वेळ आईकडे बघत राहिले. सात बाळंतपणांतला एक ते स्वतः होते. शेवटी उठले आणि एवढंच म्हणाले, "चालू द्या तुमचं, सिस्टर." जाताना आईच्या हाताला धरून सावकाश पायऱ्या उतरवताना मी त्यांना पाहिलं. वैशाली त्या संध्याकाळी माझ्या घरी येऊन पोट धरधरून हसली आणि हसता हसता रडली. "म्हैस बोलत नाय!" म्हणायची आणि पुन्हा सुरू.

खोली चालली. निवृत्त होण्याआधी वैशालीने दीपाली नावाच्या एका तरुण सिस्टरला तिथे तयार केलं, स्वतः मागे बसून, मध्ये न बोलता, जे तिला फार अवघड गेलं.

मृणाल आता पुण्यात नोकरी करते. वैशूमावशीच्या शोकसभेसाठी ती आली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, चल ना, दवाखान्यात जाऊ." संध्याकाळची वेळ होती, दीपाली अजून यायची होती. खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवलेल्या, दोन्हींची तोंडं खिडकीकडे. मी त्या पहिल्यांदाच नीट पाहिल्या. म्हटलं, "ह्या समोरासमोर का नाहीत?"

"मावशीनेच तशा ठेवल्यात," मृणाल म्हणाली. "डोळ्यांत बघत बोलायला जड जातं ना. बाहेर बघत बोललं की येतं." आणि थोडं थांबून, "मी आले होते इथे, आई. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना."

कितीतरी रविवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. तोच ओटा, तोच चहा, तीच बडबड... आणि त्यातल्या एकाही रविवारी वैशालीच्या कपाळावरची एक रेषदेखील हलली नव्हती.

"मी तिला विचारलं होतं, आईला सांगशील का," मृणाल म्हणाली. "तर म्हणाली, सांगायचं की नाही आणि कधी, ते तू ठरव. माझ्याकडून तुझ्या आईला फक्त चहा मिळेल."

"मग आज सांगतेयस?" मी विचारलं.

तिने क्षणभर विचार केला. "नाही गं. आज नाही."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. मोठ्याने, अगदी वैशालीसारख्या. मग ती एका खुर्चीवर बसली, मी दुसरीवर. खिडकीतून घाटाचा डोंगर दिसत होता. दीपाली येईपर्यंत आम्ही तशाच, शेजारी शेजारी, बाहेर बघत बसून राहिलो.