बरणीला लावलेला कान

या सदरात येणारे अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. सवयच तशी आहे. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मी जन्मभर सायन्स शिकवलं. कुणी म्हणालं भूत दिसलं, की मी आधी विचारते — उजेड किती होता आणि पोटात काय होतं? आता स्वतःबद्दलच असं काही लिहायची वेळ यावी, हे माझं मलाच पटत नाहीये. पण लिहिते. उजेड भरपूर होता, सकाळचे दहा-साडेदहा वाजले असतील. आणि पोटात पोहे होते. बाकी काही नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वाईनचा विषय आहे.

स्वातंत्र्य मिळून दीडेक वर्ष झालं होतं. जानेवारी महिना. दारूबंदी येणार अशी सगळीकडे बोलवा होती. आमच्या शाळेत सिसिल नावाची ड्रॉइंगची शिक्षिका होती, माझ्याच वयाची, माझी चांगली मैत्रीण. तिचं माहेर कोलशेतच्या पुढे, उल्हास नदीच्या काठावर. म्हणायची नदी, पण तिथे ती खाडीच झालेली असते, दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत येतं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथे आहेत. गाव ख्रिस्ती शेतकऱ्यांचं, बोलणं मराठीच. आणि आसपासच्या गावांत ते ओळखलं जायचं वाईनसाठी. घरोघरी जांभळाची नाहीतर काळ्या मनुकांची वाईन घालायचे. विकायला नाही हं — नाताळला, लग्नाला, बाळंतिणीला.

सिसिलच्या धाकट्या भावाचं, इनासचं, पुढच्या आठवड्यात लग्न होतं. "रविवारी चल. आय बरणी उघडणार आहे," ती म्हणाली. "बंदी आली की हे सगळं लपून करावं लागेल. मग तुला कोण दाखवणार?" आमच्या घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "नुसता वास घेऊन आलीस तरी आठवडाभर वर्गात मुलींना उलटं शिकवशील." तरी गेले. सायन्सची बाई होते ना, आंबवण्याची क्रिया पुस्तकात शिकवायची आणि प्रत्यक्षात कधी बघायची नाही, हे मला खटकायचं.

कोलशेतपर्यंत टांगा, पुढे बांधावरून चालत. फार सुंदर होतं ते सगळं... आता कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. मागे येऊरचे डोंगर, पुढे नदीचं रुंद पात्र, मधल्या खोऱ्यात भाताची कापलेली शेतं, मिठागरं, ताडाची झाडं. गावात शिरलं की आंबूस-गोड वास. सिसिलच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ज्याचं लग्न तो मात्र घरात नव्हता. "सूट आणायला ठाण्याला गेलाय सकाळीच," सिसिल म्हणाली. "शिंप्याने तीनदा फिरवलं. आज घेतल्याशिवाय येणार नाही."

तिची आई — सगळे तिला आयच म्हणत — चांगलीच बहिरी होती. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. स्वभावाने गोड बाई. मला "मास्तरीनबाय" म्हणायची.

बरणी माजघराच्या कोपऱ्यात होती. भली मोठी चिनी मातीची, तोंडाला फडकं बांधलेलं, खाली पेंढा. त्यांच्याकडे एक रीत होती. बरणी उघडण्याआधी तिला कान लावायचा. आत बुडबुडे येत असले तर म्हणायचं "बरणी बोलते", मग उघडायची नाही. गप झाली की उघडायची. हे मला फारच आवडलं, कारण शास्त्राला धरून होतं. आयचे कान गेल्यापासून ऐकायचं काम सिसिलकडे आलं होतं. तिने गुडघे टेकले, कान लावला, थोडा वेळ थांबली. "गप आहे," तिने आयला खुणेने सांगितलं.

"मला ऐकू दे ना," मी म्हटलं. नुसती हौस. गप असलेली बरणी कशी ऐकू येते, ते बघू.

चिनी माती गार लागली कानाला. आधी काहीच नाही. आणि मग... पुरुषाचा आवाज. हळू, कोरडा, अगदी जवळून. कुणी बरणीच्या आतल्या बाजूला तोंड टेकून बोलावं तसा. "आय, उघारीन पाय अरकला."

मी कान काढला. मला वाटलं, घरातलंच कुणीतरी माझी चेष्टा करतंय. मागे वळून पाहिलं तर या दोघींशिवाय कुणीच नव्हतं.

"बोलते का?" सिसिलने विचारलं.

"हो, बोलतेय की," मी हसत म्हटलं. अजूनही मी ते थट्टेवारीच नेत होते. "म्हणतेय, उधारीत पाय अडकला."

सिसिल खो-खो हसायला लागली. "कळलं वाटतं बरणीला, लग्नाला किती खर्च होतोय ते!" आम्ही का हसतोय हे आयला समजेना. ती सारखी विचारायला लागली, "काय जाला? काय हसता?" तेव्हा सिसिल तिच्या कानाशी ओरडली, "बरनी बोलते, उधारीन पाय अरकला!"

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. थट्टेत मीच शब्द बदलला होता, पण ऐकलेलं वाक्य चुकीचं पुढे गेलं की मला राहवत नाही. "उधारीन नाही गं," मी म्हटलं. "ध नव्हता, घ होता. उघारीन. आणि आधी 'आय' म्हणाला."

सिसिलचं हसू थांबलं. "म्हणाला? कोण म्हणाला?"

"मला काय माहीत? पुरुषाचा आवाज होता. उघारी म्हणजे काय?"

ती तशीच आयच्या कानाशी गेली आणि तेच वाक्य पुन्हा ओरडली, या वेळी घ घालून. आयने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बरणीकडे. मग "इनास" एवढंच म्हणाली आणि अनवाणी पळत सुटली. त्या वयाच्या बाईला मी तसं पळताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

"अगं आय, तो ठाण्याला गेलाय!" सिसिल मागून ओरडत होती. आयला ऐकू येणार कुठून? मग सिसिलही पळाली आणि मीही. वाटेत शेजारच्या पास्कूला तिने हाक मारली, तो हातात पहार घेऊन आला. पळता पळताच सिसिलने मला सांगितलं — उघाडी, म्हणजे शेताच्या बांधातलं पाण्याचं दार. दोन दगडी खाचांत जाड लाकडी झडप असते, ओहोटीला वर करायची, भरतीला खाली सोडायची. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. त्यांच्या तोंडी ती 'उघारी'.

मी ठाण्याच्या पेठेत वाढलेली बाई. हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

उघाडी गावापासून चांगली लांब होती, शेवटच्या मिठागरापलीकडे. तिथून हाक मारली तर घरात ऐकू येणं शक्य नाही. आम्ही बांधावर चढलो. खाली भरतीचं गढूळ पाणी चढत होतं आणि त्या पाण्यात एक चेहरा होता. फक्त चेहरा, वर आकाशाकडे केलेला, ओठ घट्ट मिटलेले. पाणी हनुवटीच्या वर आलं होतं.

पास्कूने अंगावरच्या कपड्यांसकट उडी मारली. पहार घालून त्याने झडप उचलली, आयने आणि सिसिलने इनासला काखेत धरून वर ओढलं. मी काय केलं? काही नाही. बांधावर बसून राहिले. घाबरले होते मी, फार घाबरले होते. तो मेला असता म्हणून नाही... तो जिवंत होता म्हणून. जिवंत माणसाचा आवाज तिकडे घरातल्या बरणीत कसा येतो?

पायाचं हाड मोडलं होतं, पण इनास वाचला. घरी आणून हाडवैद्याने पाय बांधला. मला एका कपात घोटभर वाईन दिली, औषध म्हणून. मी ती प्याले. मग इनास सांगायला लागला. ठाण्याला निघाला होता खरा, पण वाटेत उघाडीच्या झडपेत फांदी अडकलेली दिसली. लग्नाच्या गडबडीत शेतात खारं पाणी शिरायला नको, म्हणून उतरला. फांदी ओढताना झडप पायावर बसली.

"तू ओरडलास ना? 'उघाडीत पाय अडकला' म्हणून?" मी विचारलं. मला ते 'हो' हवं होतं. काहीतरी धरायला हवं होतं — वारा, पाण्यावरून येणारा आवाज, काहीही.

"आधी ओरडलो," तो म्हणाला. "धावा धावा म्हणून. कोन येत नाय. मग पानी तोंडाला लागलं. तोंड उघडलं असतं तर आत गेलं असतं. तोंड मिटून घेतलं आनि मनातल्या मनात आयला सांगत बसलो."

नंतर मी त्या बरणीला पुन्हा कान लावला. एकदा नाही, अनेकदा. गप होती.

ओळखीतल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले भास. असेल. पण न ऐकलेल्या शब्दाचा भास होतो का, यावर ते चहा पीत राहिले. मीच तर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला असता.

लग्न पुढे ढकललं, लेंट म्हणजे त्यांचा उपासाचा काळ सुरू व्हायच्या आत उरकलं. इनास खुर्चीत बसून, पाय स्टुलावर. मांडवात बॅन्ड वाजत होता, मला मानाने पुढे बसवलं होतं. पंगती उठल्यावर आय माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आभार मानणार. ती आधी मुलाकडे पाहत होती, मग माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाजात राग होता, लहान मुलाचा असतो तसा.

"माज्या पोरानी मना हाक मारली, मास्तरीनबाय," ती म्हणाली. "ती तुज्या कानान कशी परली?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. ओरडून काहीतरी सांगायला हवं होतं, ती वाट बघत होती... आणि मला एक अक्षर सुचेना.